कोल्हापुरात खारं पाणी: शिणाणे, चिंबोरी आणि आर्टेमियावरच्या प्रयोगाच्या नोंदी

पाण्याचा खारटपणा कमी-जास्त झाला की खाऱ्या पाण्यातले बिनकण्याचे प्राणी काय करतात, हे प्रयोगशाळेतल्या टबात पाहायचं होतं. समुद्र घाटाखाली सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, त्यामुळे पाणीही इथंच बनवायचं ठरलं. प्राणी तीन घेतले: शिणाणे (हिरवा शिंपला, पेर्ना व्हिरिडिस), चिंबोरी (खाडीतला खेकडा, स्कायला सेराटा) आणि आर्टेमिया (मिठागरांत, खाऱ्या तळ्यांत राहणारा कोळंबीसारखा बारीक जीव). क्षारतेचे सगळे आकडे दरहजारी, म्हणजे किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार, असे आहेत. समुद्राचं पाणी साधारण ३५.

२३ नोव्हेंबर. पाण्याचा पहिला घाणा वाया

५० किलो पाण्याचं माप असं: सोडियम क्लोराइड ११९६ ग्रॅम, सोडियम सल्फेट (निर्जल) २०० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ३४ ग्रॅम, खायचा सोडा १० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड ५ ग्रॅम, बोरिक ॲसिड १.३ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं, म्हणजे स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असलेलं) ५४१ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ७६ ग्रॅम. बाकी ४७.९ लिटर आर.ओ.चं पाणी. स्ट्रॉन्शियम आणि फ्लोराइड सोडून दिलं.

चूक अशी झाली की सगळे क्षार एकदम दहा लिटर पाण्यात ओतले आणि 'नंतर पाणी वाढवू' म्हटलं. पाच मिनिटांत ताकासारखं पांढरं. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सोडा एकत्र आले की चुना तळाशी बसतो, आणि पाणी वाढवलं तरी तो परत विरघळत नाही. रात्रभर हवा सोडून पाहिली, सकाळी बादलीच्या तळाला बोटभर साका. गंमत म्हणजे क्षारता मोजायच्या मीटरवर आकडा ३४ च्या आसपासच होता. कॅल्शियम तळाला, आकडा जागेवर. ५० लिटर मोरीत.

दुसऱ्या घाण्याचा क्रम: आधी ४० लिटर पाणी, त्यात मीठ, सल्फेट, पोटॅशियमचे क्षार, बोरिक. ते पूर्ण विरघळल्यावर मॅग्नेशियम. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या २ लिटर पाण्यात विरघळवून बारीक धारेनं, हवेचा दगड जोरात सुरू ठेवून. सोडा सगळ्यात शेवटी, तोही लिटरभर पाण्यात करून. मग उरलेलं पाणी. २४ तास हवा दिली, पी.एच. ८.१ वर थांबला. पाणी काचेसारखं.

बाटल्यांवरची दोन लेबलं नीट वाचा. सोडियम सल्फेट दहा पाण्याचं मिळालं तर २.२७ पट घ्यावं लागतं. आणि मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली उघडी राहिली की हवेतली ओल ओढून चिकट होते. मग तराजूवर मॅग्नेशियमबरोबर पाणीच तोललं जातं. आमच्या दुसऱ्या बाटलीचा वरचा थर असाच गेला.

नळाचं पाणी वापरायचं झालं तर क्लोरीन मारायला हवा. १ मिग्रॅ क्लोरीनला ७ मिग्रॅ सोडियम थायोसल्फेट हे माप पुरतं.

२६ नोव्हेंबर. मीटर खोटं बोलत होता

हातातला रिफ्रॅक्टोमीटर (थेंब प्रकाश किती वाकवतो त्यावरून क्षारता सांगणारा मीटर) १,६५० रुपयांचा. ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य बरोबर, म्हणून तीन दिवस त्यावर विश्वास ठेवला. पण हे स्वस्त मीटर बहुधा नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. तपासायची रीत सोपी आहे: ३.६५ ग्रॅम शुद्ध कोरडं सोडियम क्लोराइड अधिक ९६.३५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी. हे द्रावण प्रकाश जितका वाकवतं, तितकाच ३५ चं समुद्राचं पाणी वाकवतं. आपल्या मीटरनं त्यावर ३५ दाखवायला हवं. आमच्यानं ३६.५ दाखवलं. स्क्रू फिरवून त्याच द्रावणावर ३५ केलं. शून्य किंचित हललं, हलू दे. आपलं काम १० ते ३५ मध्ये आहे.

मीटर आणि नमुना एकाच तापमानाला येऊ द्या. थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा, मग वाचा.

१ डिसेंबर. पहिली खेप

रत्नागिरीहून ४० शिणाणे आंबा घाटातून आणले. समुद्राच्या पाण्यानं भरलेली २० लिटरची बादली, वर घट्ट झाकण. इथं पोचेपर्यंत पाण्याला वास सुटलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी २२ उघडे पडलेले. पाणी होतं, त्यात प्राणवायू नव्हता. शिणाण्याला हवेत मिटून राहता येतं, पण भरलेल्या बादलीत तो उघडतो आणि आहे तो प्राणवायू चाळीस जण मिळून संपवतात.

८ डिसेंबर. दुसरी खेप

८० नग, ६ ते ७ सेंमीचे. थर्मोकोलच्या खोक्यात तळाला बर्फाच्या बाटल्या, त्यावर वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यात शिणाणे, वर पुन्हा ओलं गोणपाट. पाणी अजिबात नाही. बर्फ वितळून गोडं पाणी शिंपल्यांना लागू नये म्हणून बाटल्या बंद हव्यात. सहा तासांनी टबात सोडले, तीन दिवसांत तीनच मेले.

खडकावरून काढताना दोर (शिंपला ज्यांनी चिकटतो ते केसासारखे धागे) ओढू नका, कात्रीनं कापा. ओढले की आत पायाच्या मुळाशी जखम होते, आणि तो चार दिवसांनी मरतो. तेव्हा दोष क्षारतेवर जातो.

तुलनेसाठी ४० लिटर खरं समुद्राचं पाणीही आणलं. मावळतीच्या भरतीला, उघड्या किनाऱ्यावरून. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी घेतलं असतं तर काजळी नदीचं गोडं पाणी त्यात मिसळलेलं आलं असतं. मीटरवर ३४.

९ ते १५ डिसेंबर. बसवणं, आणि मिठाचा प्रयोग

सहा टब, प्रत्येकात १२ लिटर पाणी, हवेचा दगड, २६ अंशांवर हीटर. रात्री खोली १८-१९ पर्यंत उतरत होती. हीटर आणि हवा दोन्ही चालू, वर झाकण नाही: दिवसाला ३५० मिली पाणी उडतं आणि ३५ चे ३६ होतात. आम्ही आधी कमी झालेलं पाणी खाऱ्या पाण्यानंच भरत होतो, त्यामुळे तीन दिवसांत एक टब ३८ वर गेला. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. टबाच्या बाहेर पट्टीची खूण करून तिथवर आर.ओ.चं पाणी घालायचं. वर ॲक्रिलिकचा तुकडा झाकला आणि पाणी उडणं निम्म्यावर आलं.

खर्च वाचवावा म्हणून एका टबात लक्ष्मीपुरीतून आणलेल्या खडे मिठाचं पाणी केलं, मीटरवर बरोबर ३५. सहा शिणाणे सोडले. पहिल्या तासात चांगले उघडले, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी एकानंही धागा लावला नव्हता. काचेच्या सळईनं कडेला स्पर्श केला तर नेहमी खट्कन मिटतात, हे सावकाश, अर्धवट मिटले. तिसऱ्या दिवशी पाच मेले. शेजारच्या टबात, बनवलेल्या पाण्यात, सगळे एका रात्रीत टबाच्या भिंतीला चिकटून बसले होते. रसाकर्षण (क्षारांमुळे पेशींतून पाणी ओढलं जाण्याची ताकद) दोन्हीकडे जवळपास तेच, पण नुसत्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमचं प्रमाण नाही. स्नायू आणि कल्ल्यांवरची झालर त्याशिवाय चालत नाही. धागा लावला की नाही, ही पाण्याची सगळ्यात स्वस्त चाचणी. २४ तासांत धागे नसतील तर पुढचं काही सुरू करू नका.

१६ डिसेंबर. पातळ करण्याचा हिशेब चुकला

ठरवलेले टप्पे: ३५, २८, २१, १४, ७. १२ लिटरमधून २.४ लिटर काढून तेवढं गोडं पाणी घातलं की ३५ चे २८ होतात. ते बरोबर. मग पुढच्या प्रत्येक टप्प्यालाही २.४ लिटरच काढत राहिलो, आणि आकडे आले २२.४, १७.९, १४.३. दर वेळी उरलेल्या पाण्यातच क्षार कमी असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बरोबर माप: २८ वरून २१ ला ३ लिटर, २१ वरून १४ ला ४ लिटर, १४ वरून ७ ला ६ लिटर.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. पाणी ओतताना हवेचा पंप बंद केला होता, शिंतोडे उडू नयेत म्हणून. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगत राहिलं. वरून घेतलेल्या थेंबाला ९, तळातून पिपेटनं घेतलेल्या थेंबाला ३०. शिणाणे तळाशी, त्यांच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. वहीत मात्र 'क्षारता १४, प्राणी शांत' अशी नोंद! ती खोडली. आता पाणी वेगळ्या बादलीत हव्या त्या क्षारतेचं तयार करतो, तापमान जुळवतो, आणि टबातलं सगळं पाणी बदलतो. नमुना नेहमी तळातून.

तिसरं: आर.ओ.च्या पाण्यानं पातळ केलं की सोड्याचा आधारही पातळ होतो. ७ च्या टबात पी.एच. दोन दिवसांत ७.४ वर आला. पातळ करायच्या पाण्यात लिटरला ०.१५ ग्रॅम खायचा सोडा घालायला लागल्यापासून ७.९ च्या खाली गेला नाही.

१८ डिसेंबर. अमोनिया

चार टब थेट बदलले: ३५ (तुलनेचा), २१, १४, ७. प्रत्येकात १० नग. दुसऱ्या दिवशी सकाळचं अमोनिया वाचन: ३५ मध्ये ०.५, २१ मध्ये १.५ मिग्रॅ प्रति लिटर. १४ आणि ७ मध्ये मात्र ०.२५.

आधी वाटलं ७ चा टब सगळ्यात निरोगी आहे. खरं तर तिथले सगळे मिटून बसले होते, बाहेर काहीच टाकत नव्हते. २१ मधले उघडे होते आणि जुळवून घेत होते. शिणाणा रक्तातला खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबर उतरू देतो. मग पेशी फुगायला लागतात. त्या फुगू नयेत म्हणून पेशींतली साठवलेली मुक्त अमिनो आम्लं (टॉरिन, ग्लायसीन, ॲलानिन वगैरे) कमी केली जातात. काही बाहेर सोडली जातात, काही मोडली जातात, आणि मोडलेल्यांचा नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात येतो. म्हणजे उघड्या शिंपल्यांच्या टबात क्षारता उतरवल्यानंतर अमोनिया वाढणं हे काम सुरू असल्याचं लक्षण. पण टब छोटा असेल तर तोच त्यांना मारतो.

उपाय: बदलानंतरचे तीन दिवस, दिवसातून दोनदा अर्धं पाणी त्याच क्षारतेच्या तयार पाण्यानं बदला. खाणं बंद. या तीन दिवसांसाठी प्रत्येक टबामागे ३६ लिटर तयार पाणी बाजूला हवं. ते नसेल तर त्या दिवशी क्षारता बदलूच नका.

२२ डिसेंबर. उघडझाप मोजायचं यंत्र

डोळ्यांनी 'उघडा-मिटलेला' लिहिणं पुरत नाही, रात्री कोण बसणार? एका शिंपेवर हॉल सेन्सर (४९-ई, पस्तीस रुपयांचा), समोरच्या शिंपेवर ५ मिमीचा निओडायमियम चुंबक, दोन्ही बिजागरीच्या विरुद्ध कडेला. शिंपा मिटल्या की चुंबक जवळ, आकडा वाढतो. अर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड) दर १० सेकंदांनी वाचून कार्डावर लिहितो. आमच्याकडे मिटल्यावर ८७० च्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ६४०. प्रत्येक नगाचं वेगळं. प्लॅस्टिकच्या १ मिमीच्या पट्ट्या मध्ये घालून आधी माप लावून घ्या.

पहिले तीन सेन्सर ग्लूगनच्या गोंदानं झाकले होते. दीड दिवसात गोंद सुटला, खारं पाणी पायांपर्यंत गेलं, आकडा आपोआप सरकायला लागला. आलेखावर असं दिसत होतं की शिणाणा दोन दिवस हळूहळू उघडतोय. पाहावं तर तो घट्ट मिटलेला आणि सेन्सरच्या पायांना हिरवा गंज. नवे सेन्सर दोन भागांच्या एपॉक्सीत पूर्ण बुडवून २४ तास वाळवले, वायर बारीक आणि लवचिक घेतली. शिंप सँडपेपरनं घासून, टिपून, आधी सायनोॲक्रिलेटचा थेंब आणि वरून एपॉक्सी. हवेत पंधरा मिनिटं लागतात, तेवढं शिणाणा सहज सोसतो.

१४ मध्ये थेट सोडलेल्या एका नगाची पहिली रात्र: पाणी बदलल्यावर आधी बाहेर पाणी सोडणारं तोंड आवळलं गेलं, हे भिंगातून दिसलं. शिंपा तेव्हा अजून ३ मिमी उघड्या होत्या. मग काही मिनिटांत मिटल्या. त्यानंतर आलेख सपाट, पण दर दोन-तीन तासांनी एक बारीक दात: अर्धा मिमी उघडतो, वीस-तीस सेकंद थांबतो, परत मिटतो. बाहेर काय आहे ते चाखून पाहतो. २१ मध्ये असे चार दात आले आणि पाचव्याला तो उघडाच राहिला. ७ मध्ये दात विरळ होत गेले.

२८ डिसेंबर. मिटलेल्या शिंपल्याच्या आत

ही नोंद या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी. १ मिलीची इन्सुलिनची सिरिंज. शिंपांच्या कडेला, जिथून धागे निघतात तिथं बारीक फट असते, तिथून सुई आत सरकवून ०.३ मिली पाणी ओढलं, दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर. बाहेर १४, आणि २४ तासांनंतर आतलं पाणी ३०, ३१ आणि २८. म्हणजे शिणाणा अख्खा दिवस १४ च्या पाण्यात बसून ३० च्या पाण्यात राहत होता. 'शिणाणे १४ क्षारतेत २४ तास जगले' असं वहीत लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

मग सहा नगांना पाचर लावली: उघडे असताना शिंपांमध्ये ४ मिमीचा प्लॅस्टिकचा तुकडा, म्हणजे मिटताच येऊ नये. १४ मध्ये सोडून रक्त घेतलं, मागच्या मोठ्या मिटवणाऱ्या स्नायूतून, २४ नंबरच्या सुईनं, ०.२ मिली. दोन तासांनी १९, सहा तासांनी १५, दुसऱ्या दिवशी १४-१५. अडवणारं काही नाही, रक्त सरळ बाहेरच्या पाण्याबरोबर जातं. शिणाण्याच्या रक्तात प्रथिनं फार कमी, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर इथं चालतो. चिंबोरीला चालत नाही, ते पुढं येईल.

सुई टोचताना ओढ हलकी ठेवा. जोरात ओढलं की स्नायूऐवजी बाहेरचं पाणी येतं आणि वाचन बरोबर बाहेरच्या आकड्याइतकंच येतं. आमचे दोन नमुने असे गेले. रक्त किंचित धुरकट असतं, अगदी नितळ आलं तर संशय घ्या.

६ जानेवारी. सावकाश उतरवलेला टब

दहा नग, दर दोन दिवसांनी ७ नं खाली. २८ आणि २१ वर काही तासांत उघडले, धागे लावले. १४ वर दीड दिवस मिटून, मग अर्धवट उघडे, धागे कमी आणि बारीक. ७ वर कुणीही नीट उघडलं नाही. थेट ७ मध्ये टाकलेल्या दहापैकी सात नग आठवडाभरात गेले, पाचव्या दिवसापासून एकामागून एक. मिटून राहायचं तर बिनप्राणवायूचं भागवावं लागतं, ते किती दिवस चालणार. पहिला मेला की त्याच दिवशी अमोनिया ०.२५ वरून ३ वर उडतो आणि बाकीच्यांना ओढतो. मेलेला ताबडतोब काढा. सकाळ-संध्याकाळ सळई लावून पाहायची, मिटला नाही की बाहेर.

१४ वरचे परत ३५ वर न्यायचे होते. वर नेताना काय होणार, म्हणून थेट नेले. दोन मेले. चढतानाही पेशी आक्रसतात, अमिनो आम्लं पुन्हा साठवायला वेळ लागतो. आता वरही दोन दिवसांच्याच टप्प्यांनी.

केरळात शिंपल्यांची शेती पावसाआधी काढून घेतात, त्याचं कारण ७ च्या टबात दिसतं.

१४ जानेवारी. चिंबोऱ्या

तीन नर, २५० ते ३०० ग्रॅम, एका मासळीवाल्या मावशींनी पहाटेच्या गाडीनं मागवून दिले. प्रत्येकाला वेगळा ६० लिटरचा क्रेट, एकत्र ठेवले तर सकाळी तीनाचे दोन होतात. नांग्यांना बांधलेल्या दोऱ्या शेवटपर्यंत सोडू नका. पाठ दाबून पाहा: दबली तर कात टाकायच्या बेतात किंवा नुकतीच टाकलेली, ती घेऊ नका. आमची एक चौथ्या दिवशी कात टाकून बसली, तिची सगळी वजनं बाद.

३० वरून थेट १० वर. वजनानं मजा दाखवली: तीन तासांत साधारण २ टक्के वाढ, पाणी आत शिरतंय. २४ तासांत वजन परत जागेवर. मिटायला शिंपा नाहीत, तरी पाणी हाकलतोय. वजन करण्याआधी तोंड खाली करून मिनिटभर धरा आणि फडक्यानं टिपा. कल्ल्यांच्या कप्प्यात ५ ते ८ ग्रॅम पाणी राहतं, पहिल्या दिवशी आम्ही त्यालाच शरीराची सूज समजलो.

रक्त: प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर वीस मिनिटं सुन्न, मग शेवटच्या वल्ह्यासारख्या पायाच्या मुळाशी मऊ सांध्यात सुई. रिफ्रॅक्टोमीटरवर वाचन ६२! समुद्राच्या दुप्पट खारट रक्त? नाही. चिंबोरीच्या रक्तात हिमोसायनिन हे तांब्याचं प्रथिन भरपूर, तेच प्रकाश वाकवतं. हवा लागली की निळसर होतं ते तेच.

म्हणून क्लोराइड मोजलं. ०.१ मिली रक्त १० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब, आणि ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं सिल्व्हर नायट्रेट, पिवळ्यावर विटकरी छटा टिकेपर्यंत. क्लोराइड जितकं जास्त, तितकं ते जास्त लागतं. आधी ३५ च्या पाण्यावर तपासा, २.८ मिली लागायला हवं. १० च्या पाण्याला ०.७८ मिली लागलं. त्याच पाण्यात २४ तास राहिलेल्या चिंबोरीच्या रक्ताला १.९, ७२ तासांनी १.८. बाहेरच्या दुपटीपेक्षा जास्त क्लोराइड तीन दिवस टिकवून धरलेलं. हे काम मागच्या कल्ल्यांमधले सोडियम-पोटॅशियमचे पंप करतात, त्याला ऊर्जा लागते. मूत्र पातळ करून क्षार वाचवणं खेकड्याला जमत नाही, ते रक्ताइतकंच खारट जातं, त्यामुळे गेलेले क्षार कल्ल्यांनी परत ओढायचे. हवेचा पंप दोन तास बंद पडला तेव्हा १० मधल्या चिंबोऱ्या आधी वर येऊन फेस काढायला लागल्या, ३० मधली निवांत होती. बॅटरीवरचा पंप त्याच संध्याकाळी आणला.

रक्त लगेच साकळतं. सुई आणि सिरिंज बर्फात थंड करून घ्या, एका मिनिटात पातळ करा.

२७ जानेवारी. आर्टेमिया

सोपं. १ ग्रॅम अंडी, १ लिटर २८ च्या पाण्यात, २८ अंश, दिवा वरून, तळातून हवा. २४ तासांत फुटतात. मुद्दाम खडे मिठाच्या पाण्यात, चिमूट सोडा घालून, दुसरी बाटली लावली: तीही फुटली, पिल्लं दोन दिवस बरी पोहली. ज्या पाण्यात शिणाणे मेले त्याच पाण्यात. म्हणून आर्टेमिया जगला म्हणजे पाणी चांगलं, असं धरू नका.

बरण्या ७, ३५, ७०, १०५, १४०. ३५ वरून थेट १४० मध्ये टाकलेल्या पिल्लांतली निम्म्याहून जास्त दुसऱ्या दिवशी तळाला. ७० वर एक दिवस थांबवून नेलेली बहुतेक पोहत होती. अशा खारट पाण्यात आर्टेमियाचं रक्त बाहेरच्यापेक्षा पुष्कळ पातळ राहतं: तो खारं पाणी पितो आणि जादा क्षार बाहेर टाकतो. पिल्लात हे काम पाठीवरचा मानेचा अवयव करतो, मोठ्यात पायांवरचे कल्ले. पी. सी. क्रोगन यांनी १९५८ मध्ये मोठ्या आर्टेमियात पहिल्या दहा जोड्यांचे कल्ले हे काम करतात असं दाखवलं. १० पटीच्या भिंगाखाली डोळ्याच्या मागे पाठीवर गोल चकती दिसते, तोच तो अवयव. पिल्लू सारखं फिरतं, थेंबात कापसाचे दोन तंतू टाकले की अडकतं.

१ फेब्रुवारी. खर्च आणि आवराआवर

रसायनं ३,८५०, टब, पंप, हीटर ४,२००, रिफ्रॅक्टोमीटर १,६५०, अमोनिया किट ९००, सेन्सर, अर्डुइनो, एपॉक्सी १,७४०, रत्नागिरीच्या दोन फेऱ्या ५,०००, शिणाणे ७००, चिंबोऱ्या १,१००, सिल्व्हर नायट्रेट २५ ग्रॅम ३,४००, आर्टेमिया ६००. एकूण २३,१४० रुपये. यातले साधारण साडेतीन हजार आणि सोळा दिवस चुकांत गेले. सर्वात जास्त वेळ सेन्सरनं खाल्ला.

प्रजाती बदलायची असेल तर समुद्रकाकडी आणि प्रवाळ यांना हात लावू नका, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

उरलेले प्राणी रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायचे नाहीत. टबातल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून एक रात्र ठेवलं, मग नळाच्या भरपूर पाण्याबरोबर गटारात. झाडांना घालू नका, कुंडीतली माती खारवते. चांदीचा पांढरा-विटकरी साका मोरीत गेला नाही, तपकिरी बाटलीत साठवला आहे. त्यात क्रोमेट आहे, म्हणून बाटलीवर 'विषारी' लिहून कपाटात वरच्या फळीवर.